तारीख सांगणारे प्रचारक आणि गिरणीवर गेलेली आई

(पोस्ट मोठी आहे. घाईत असाल तर रात्री निवांत वाचा, पण अर्धी वाचून कॉमेंट करू नका.)

गेल्या सप्टेंबरमधली गोष्ट. दुपारी साडेचारच्या सुमारास घरी बातमी टाइप करत बसलो होतो. शेजारची सातवीतली मुलगी दप्तर पाठीवर तसंच ठेवून दारात उभी. डोळे लाल, तोंडातून शब्द फुटेना. मला वाटलं रस्त्यात कुणी त्रास दिला. पाणी दिलं, खाली बसवलं, तेव्हा म्हणाली, "काका, घरात कुणीच नाही. मम्मीची चप्पल पण दारात नाही. मम्मी-पप्पा वर गेले का? मला का नाही नेलं?"

दहा मिनिटांनी तिची आई पिठाचा डबा काखेत घेऊन आली. लाइट नसल्याने गिरणीवर वेळ लागला, एवढंच झालं होतं. पोरीने आईला जी मिठी मारली ती मी विसरलेलो नाही. आई मला विचारते, "भाऊ, हिला झालं काय?"

तिला काय झालं होतं ते सांगतो. त्या आठवड्यात मोबाइलवर एक व्हिडिओ फिरत होता. दक्षिण आफ्रिकेतल्या जोशुआ म्लाकेला नावाच्या माणसाने सांगितलं होतं, की येशू 23 किंवा 24 सप्टेंबर 2025 ला येणार आणि विश्वासणाऱ्यांना उचलून नेणार. ज्यूंच्या नववर्षाचा, कर्ण्यांच्या सणाचा तो मुहूर्त. टिकटॉकवर जगभर धुमाकूळ झाला. कुणी गाडी विकली, कुणी नोकरी सोडली असे व्हिडिओ आले. आपल्याकडे टिकटॉक बंद आहे, पण व्हॉट्सॲप आहेच. कुणीतरी त्यावर हिंदी आवाज चढवला आणि तो मंडळीच्या ग्रुपवर आला. खाली चाळीस "आमेन".

24 तारीख गेली. 25 ला सकाळी नळाला नेहमीसारखं कमी दाबाने पाणी आलं. मग दिनदर्शिकेचा हिशेब चुकला म्हणून ऑक्टोबरची नवी तारीख फिरू लागली. तीही गेली. ज्यांनी फॉरवर्ड केलं होतं त्यांच्यापैकी एकानेही ग्रुपवर "चुकलं, माफ करा" असं लिहिलं नाही. मी वाट पाहिली. आज इतके महिने झाले, म्हणून आता लिहितोय.

आधी दोन गोष्टी स्पष्ट करतो.

एक, मी स्वतः ख्रिस्ती आहे. प्रभू परत येणार, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करणार, हे मी दर रविवारी मतांगीकारात मोठ्याने म्हणतो आणि मनापासून म्हणतो. माझं भांडण त्या विश्वासाशी नाही. त्या विश्वासाला कॅलेंडर लावून घाबरवण्याचा जो धंदा चाललाय, त्याच्याशी आहे.

दोन, माझे बिगरख्रिस्ती मित्र हे वाचून गालात हसत असतील तर त्यांनी घरातल्या म्हाताऱ्यांना 1962 ची अष्टग्रही विचारावी. फेब्रुवारीत आठ ग्रह एकत्र येणार आणि जग बुडणार म्हणून देशभर यज्ञ झाले होते. 1979 ला स्कायलॅब डोक्यावर पडणार म्हणून गावोगाव घबराट होती. 21 डिसेंबर 2012 तर तुम्हालाही आठवत असेल. भीती विकणाऱ्याला जात-धर्म नसतो. पण प्रत्येकाने आधी आपलं अंगण झाडावं, म्हणून मी माझ्या अंगणाबद्दल बोलतो.

आता मुद्द्यावर.

आपल्या कन्व्हेन्शनमध्ये बाहेरून आलेला वक्ता स्टेजवर मोठा तक्ता लावतो. आधी विश्वासणारे गुपचूप उचलले जाणार, मग सात वर्षं महासंकट, ख्रिस्तविरोधकाचं राज्य, कपाळावर 666, मग हर्मगिदोनची लढाई, मग हजार वर्षांचं राज्य. ऐकणाऱ्याला वाटतं की ही शिकवण प्रेषितांच्या काळापासून अशीच चालत आली आहे.

तशी ती आलेली नाही. हा तक्ता जेमतेम दोनशे वर्षांचा आहे.

जॉन नेल्सन डार्बी हा आयर्लंडमधल्या चर्चचा पाळक. पुढे तो चर्चमधून बाहेर पडला आणि प्लिमथ ब्रदरेन या गटाचा पुढारी झाला. 1830 च्या दशकात त्याने ही मांडणी उभी केली: देवाचा इतिहास वेगवेगळ्या युगांत विभागलेला, इस्राएलसाठी एक योजना, मंडळीसाठी दुसरी, आणि महासंकटाच्या आधी मंडळीचं गुपचूप उचललं जाणं. त्याच्या आधीच्या अठराशे वर्षांत अशी दोन टप्प्यांची मांडणी चर्चच्या मुख्य शिकवणीत कुठेही नव्हती. संत ऑगस्टीनने पाचव्या शतकात प्रकटीकरणातली हजार वर्षं लाक्षणिक धरली, म्हणजे ख्रिस्तापासून शेवटापर्यंतचा मंडळीचा काळ. पाश्चात्त्य चर्चमध्ये पुढची हजार वर्षं तेच चाललं. लूथरने 1522 च्या प्रस्तावनेत प्रकटीकरणाबद्दल उघड नाराजी लिहून ठेवली. नव्या करारातल्या जवळपास प्रत्येक पुस्तकावर भाष्य लिहिणाऱ्या कॅल्व्हिनने प्रकटीकरणावर भाष्य लिहिलंच नाही. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये हे पुस्तक पवित्र शास्त्रात आहे, पण उपासनेच्या नेमलेल्या वाचनांत नाही. एवढे मोठे लोक ज्या पुस्तकाला इतक्या जपून हात लावतात, त्याचा आमचा वक्ता दीड तासात फडशा पाडतो आणि वर प्रश्नोत्तरांना वेळ ठेवत नाही.

मग डार्बीचा तक्ता आपल्यापर्यंत आला कसा? 1909 साली अमेरिकेतल्या सायरस स्कोफिल्ड नावाच्या माणसाने टिपांसह बायबल काढलं. ऑक्सफर्डच्या छापखान्याचं नाव त्यावर होतं. वर शास्त्राचा मजकूर, खाली स्कोफिल्डच्या टिपा, दोन्ही एकाच पानावर. साध्या वाचणाऱ्याला देवाचं वचन कुठे संपलं आणि स्कोफिल्डचं मत कुठे सुरू झालं हे लक्षात राहिना. लाखो प्रती खपल्या, त्यावर बायबल कॉलेजं चालली, तिथून मिशनरी निघाले, पुस्तिका निघाल्या, त्यांची भाषांतरं झाली. आता यूट्यूब आहे. आपण जे "बायबल असं म्हणतं" म्हणून ऐकतो, त्यातलं बरंचसं त्या पानाच्या खालच्या भागातलं आहे.

आणि तारखांचा इतिहास? मी पत्रकार माणूस, मला जुन्या बातम्या काढायची खोड आहे. बघा.

विल्यम मिलर, अमेरिकन शेतकरी. दानीएलाच्या आठव्या अध्यायातले 2300 दिवस म्हणजे 2300 वर्षं असं धरून, ख्रिस्तपूर्व 457 पासून मोजत तो 1843 च्या आसपास पोहोचला. पुढे त्याच्या चळवळीतल्या लोकांनी 22 ऑक्टोबर 1844 ही तारीख पक्की केली. हजारो लोक वाट पाहत बसले. काहींनी शेतातलं पीक काढलं नाही. 23 तारखेला सूर्य उगवला. त्या दिवसाला इतिहासात "महानिराशा" असंच नाव आहे.

हॅल लिंडसे. 1970 साली त्याचं पृथ्वीच्या शेवटावरचं पुस्तक आलं आणि कोट्यवधी खपलं. अंजिराचं झाड म्हणजे इस्राएल, ते 1948 ला पालवलं, एक पिढी म्हणजे चाळीस वर्षं, म्हणजे 1988 च्या आसपास सगळं आटोपायला हवं होतं. दहा शिंगांचं श्वापद म्हणजे युरोपची सामाईक बाजारपेठ, असंही त्याने सांगितलं. 1981 ला ग्रीस आला आणि सभासद देश बरोबर दहा झाले! केवढा आनंद झाला असेल. मग 1986 ला स्पेन आणि पोर्तुगाल आले, बारा झाले. आज सत्तावीस आहेत. श्वापदाला शिंगं फुटतच चाललीत, पण त्या पुस्तकाची माफी कुणी मागितली नाही.

एडगर व्हिसेनंट. रॅप्चर 1988 मध्येच का होणार याची 88 कारणं त्याने छापली. लाखो प्रती गेल्या. 1988 गेलं. त्याने लगेच 1989 ची तारीख दिली.

हॅरल्ड कॅम्पिंग, रेडिओवरचा प्रचारक. 1994 चुकलं. मग 21 मे 2011. जगभर मोठमोठे फलक लावले. न्यूयॉर्कमधल्या एका निवृत्त वाहतूक कर्मचाऱ्याने आयुष्यभराच्या कमाईतले सुमारे 1 लाख 40 हजार डॉलर जाहिरातींवर घातले आणि त्या संध्याकाळी टाइम्स स्क्वेअरमध्ये घड्याळाकडे पाहत उभा राहिला. काही झालं नाही. कॅम्पिंगने ऑक्टोबरची तारीख दिली, तीही गेली. एक मात्र त्याच्या बाजूने लिहितो. 2012 मध्ये त्याने जाहीर पत्र काढून तारीख सांगणं हे पाप होतं असं कबूल केलं. या सगळ्या यादीत एवढी हिंमत फार थोड्यांनी दाखवली.

आता कुणी म्हणेल, "ती माणसं चुकली, शास्त्र चुकलं नाही." कबूल. मग शास्त्रच उघडूया.

मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायात प्रभू स्वतः सांगतात, की तो दिवस आणि ती घटका कुणालाही ठाऊक नाही, देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला. प्रेषितांची कृत्ये पहिल्या अध्यायात शिष्य तारीख विचारतात, तेव्हा प्रभू त्यांना सरळ सांगतात की ते तुमचं काम नाही, तुम्ही साक्षी व्हा. जे पुत्राला माहीत नाही ते आफ्रिकेतल्या, अमेरिकेतल्या किंवा आपल्या तालुक्यातल्या प्रचारकाला माहीत आहे, असं मानायचं का?

अंजिराच्या झाडाचं घ्या. अंजीर म्हणजे इस्राएल, हा सगळ्या हिशेबाचा पाया. पण हाच दाखला लूकच्या एकविसाव्या अध्यायात काढा. तिथे प्रभू म्हणतात अंजिराकडे आणि बाकीच्या सगळ्या झाडांकडे बघा. आता बाकीची झाडं म्हणजे कोणते देश? पालवी फुटली की उन्हाळा जवळ आला हे कुणालाही कळतं, इतका साधा शेतकऱ्याचा दाखला आहे तो. त्याचं आपण राजकीय गणित केलं.

666 चं घ्या. प्रकटीकरण पहिल्या शतकात, रोमन सत्तेखाली, पात्म बेटावर असलेल्या योहानाने आजच्या तुर्कस्तानातल्या सात मंडळ्यांना लिहिलं. इफिस, स्मुर्णा, पर्गम वगैरे. ती खरी माणसं होती, खरी गावं होती. त्या काळी अक्षरांनाच अंकांची किंमत असायची. "नीरो कैसर" हे नाव हिब्रू अक्षरांत लिहून बेरीज केली तर 666 येते. लॅटिन वळणाने लिहिलं तर 616 येते, आणि काही जुन्या हस्तलिखितांत खरंच 616 हा आकडा सापडतो. म्हणून बहुतेक अभ्यासक सांगतात, की श्वापद म्हणजे त्या काळची रोमन सत्ता, आणि सात टेकड्यांवर बसलेली बाबेल म्हणजे रोम. छळ सोसणाऱ्या गरीब लोकांना योहान गुप्त भाषेत धीर देत होता, की ही सत्ता कितीही मोठी दिसो, ती पडणार आहे, कोकरा जिंकणार आहे.

त्या सात मंडळ्यांतल्या गुलामाला, विधवेला बारकोड, कोविडची लस आणि आधार कार्ड यांच्याबद्दल पत्र पाठवून काय उपयोग होता? मिझोराममध्ये काही ख्रिस्ती कुटुंबांनी 666 च्या भीतीने आधार घेतलं नाही, अशा बातम्या आल्या होत्या. आधारबद्दल खाजगीपणाचे प्रश्न विचारायचे तर जरूर विचारा, ते नागरिक म्हणून विचारा. आणि गंमत बघा, कपाळावरच्या कोडची भीती घालणारा वक्ता सभेच्या शेवटी अर्पणासाठी स्क्रीनवर क्यूआर कोड लावतो. तो कसा चालतो?

हे पुस्तक वाचायच्या पद्धती चर्चच्या इतिहासात किमान चार आहेत. त्यातलं बरंचसं रोमन काळातच घडून गेलं असं मानणारे. पहिल्या शतकापासून आजपर्यंतच्या इतिहासाचा तो नकाशा आहे असं मानणारे. सगळं अजून व्हायचं आहे असं मानणारे. आणि चांगलं विरुद्ध वाईट या कायमच्या लढाईचं ते चित्र आहे असं मानणारे. चारही बाजूंना देवभीरू, शिकलेली माणसं आहेत. माझं म्हणणं एवढंच, की चारातली एकच पद्धत, तीही तिच्या सगळ्यात भडक अवतारात, स्टेजवरून "देवाचं वचन" म्हणून सांगू नका. सांगायचीच तर "ही एक समजूत आहे" असं म्हणा.

आणि उचललं जाण्याचा तो परिच्छेद, थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, चौथा अध्याय. तो कुणासाठी लिहिला? ज्यांची माणसं वारली होती आणि जे रडत होते त्यांच्यासाठी. पौल शेवटी सांगतो की या शब्दांनी एकमेकांचं सांत्वन करा. ज्या ओळींनी रडणाऱ्याचे डोळे पुसायचे, त्या ओळींनी आपण सातवीतल्या पोरीला रडवलं. पुढे त्याच मंडळीला दुसऱ्या पत्रात पौलाला लिहावं लागलं, की तो दिवस आलाच असं कुणी सांगितलं तर घाबरू नका, आणि जे काम सोडून बसलेत त्यांनी कामाला लागावं, काम करायचं नाही त्याने खाऊही नये. म्हणजे हा आजार तेव्हाही होता आणि औषधही तेव्हाच लिहून दिलेलं आहे.

कुणी म्हणेल, "एवढं चिडायचं कशाला? लोक घाबरून का होईना, प्रार्थना करतात, दारू सोडतात." नुकसान कुठपर्यंत जातं ते सांगतो.

केनियातलं शाकाहोला. 2023 मध्ये तिथल्या जंगलात खड्ड्यांतून प्रेतं निघायला लागली. आकडा चारशेच्या वर गेला. त्यात लहान मुलं होती. शेवट जवळ आलाय, उपाशी राहून येशूला भेटा, असं पॉल मॅकेंझी या प्रचारकाने अनुयायांना सांगितल्याचा आरोप आहे. त्याने आरोप नाकारले. न्यायालय काय ते ठरवेल. पण ते खड्डे खरे आहेत. तारीख सांगणारा प्रत्येक जण तिथपर्यंत जात नाही हे मलाही कळतं. पण ज्या दारातून ते लोक आत गेले, ते दार हेच आहे. हे जग आता संपलं, त्याची काळजी घेण्यात अर्थ नाही, हे त्या दाराचं नाव.

दुसरं नुकसान युद्धाचं. 14 मे 2018 ला अमेरिकेने आपला दूतावास जेरुसलेमला नेला. त्या कार्यक्रमात रॉबर्ट जेफ्रेस आणि जॉन हेगी या दोन अमेरिकन पाळकांनी प्रार्थना केल्या. हेगी यांनी इस्राएलच्या पाठिंब्यासाठी 2006 मध्ये मोठी संघटना उभी केली आहे आणि भविष्यवाणीवरची त्यांची पुस्तकं धडाक्याने खपतात. त्याच दिवशी गाझाच्या सीमेवर साठाच्या आसपास पॅलेस्टिनी मारले गेले. एकीकडे आमेन, दुसरीकडे अंत्ययात्रा.

आपल्या ग्रुपवरही हेच चालतं. पश्चिम आशियात बॉम्ब पडला की मेसेज येतो, "भविष्यवाणी पूर्ण होत आहे, हालेलुया." अहो, कुणाच्या अंगावर पडला तो बॉम्ब? गाझामध्ये युद्धाआधी जेमतेम हजाराच्या आसपास ख्रिस्ती होते. ऑक्टोबर 2023 मध्ये तिथल्या संत पोर्फिरियसच्या प्राचीन चर्चच्या आवारात आसरा घेतलेल्यांवर हल्ल्यात इमारत कोसळली, डझनाहून जास्त माणसं गेली. जुलै 2025 मध्ये पवित्र कुटुंबाच्या कॅथलिक चर्चवर मारा झाला, तीन जण गेले, फादर जखमी झाले. 2023 च्या नाताळात बेथलेहेमच्या लूथरन चर्चने गव्हाणीऐवजी ढिगाऱ्यात बाळ येशू ठेवला. ते आपले विश्वासातले भाऊबंद. त्यांच्या मरणावर आपण हालेलुया म्हणायचं? 7 ऑक्टोबरला इस्राएलमध्ये मारल्या गेलेल्या निरपराधांसाठी रडावं, गाझातल्या लेकरांसाठीही रडावं. भविष्यवाणीच्या तक्त्यात मात्र रडायला रकाना नाही.

आणि जे स्वतःला इस्राएलचे मित्र म्हणवतात त्यांच्या तक्त्याचा शेवट वाचा. अनेकांच्या मांडणीत महासंकटात बहुतेक ज्यू मारले जाणार आणि उरलेले ख्रिस्ती होणार. याला मैत्री म्हणतात? नाटक पुढे सरकावं म्हणून पात्रं हवीत, एवढंच.

तिसरं नुकसान आपल्या घरातलं. हे मला सगळ्यात जास्त लागतं.

आपण इथले मराठी ख्रिस्ती बहुतेक कोण? आपले पणजोबा गावकुसाबाहेरचे. त्यांनी येशूचा हात धरला तो माणूस म्हणून उभं राहता यावं यासाठी. आज दलित ख्रिस्ती माणसाला 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातीच्या सवलती मिळत नाहीत. 1956 ला शिखांना, 1990 ला बौद्धांना त्यात घेतलं, आपल्याला नाही. ऑक्टोबर 2022 मध्ये सरकारने यावर माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला. त्यावर आपल्या गावात एक माहितीची बैठक लावली होती. मी बातमीसाठी गेलो. माणसं अकरा, त्यात दोघं चहावाले. त्याच महिन्यात शेवटच्या काळावरच्या कन्व्हेन्शनला मांडव पुरला नाही.

पाळकांना विचारलं तर म्हणाले, "भाऊ, प्रभू येणारच आहे, मग कशाला या जगाच्या गोष्टी?"

बरं. मग पंडिता रमाबाईंना कुणी सांगितलं नाही का हे? 1896-97 च्या दुष्काळात उपासमार, मागून प्लेग. मत्तयाच्या चोविसाव्या अध्यायातली चिन्हं दारात उभी होती. बाई तक्ता लावून बसल्या नाहीत. मध्य प्रांतात गेल्या, उपाशी मुली-बायका गोळा केल्या आणि केडगावला आणल्या. शेती लावली, विहिरी खणल्या, छापखाना चालवला, मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं आणि त्यातच आयुष्य संपवलं. मिरजेला विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये दवाखाना काढला. येणाऱ्या प्रभूवर त्यांचाही विश्वास होता. पण मालक येणार म्हणून ते फाटकाकडे बघत बसले नाहीत, मालकाने सांगितलेलं काम करत राहिले. मत्तयाच्या त्याच अध्यायाच्या शेवटी शहाण्या दासाची खूण तीच दिली आहे: वेळच्या वेळी घरच्यांना जेवायला घालणारा.

आणि पुढचाच अध्याय बघा. न्यायाच्या दिवशी राजा काय विचारतो? 666 म्हणजे कोण हे विचारतो का? दानीएलाच्या आठवड्यांची बेरीज विचारतो का? भुकेल्याला जेवू घातलंस का, तहानेल्याला पाणी दिलंस का, तुरुंगातल्याला भेटलास का, एवढंच विचारतो. पेपर आधीच फुटलाय हो! प्रश्न हातात आहेत, आणि आपण परीक्षेची तारीख शोधत बसलोय.

शेवटचं. प्रकटीकरणाच्या अखेरच्या दोन अध्यायांत माणसं पृथ्वी टाकून वर पळत नाहीत. नगरी वरून खाली येते, देव माणसांत राहायला येतो, डोळे पुसतो. ज्या पृथ्वीवर देव राहायला येणार, तिचा कचरा करून आपण कुठे निघालोत?

म्हणून आपल्या गावातल्या पाळकांना, कमिटीच्या लोकांना हात जोडून तीन गोष्टी सांगतो.

एक, कन्व्हेन्शनला बोलावण्याआधी वक्त्याला विचारा की याआधी काय काय सांगितलं होतं आणि त्यातलं काय झालं. अनुवादाच्या अठराव्या अध्यायात खोट्या संदेष्ट्याची परीक्षा दिलेलीच आहे: सांगितलेलं घडलं नाही तर तो शब्द देवाचा नव्हता.

दोन, चुकलात तर त्याच स्टेजवरून, त्याच ग्रुपवर माफी मागा. मी एकदा एका जिवंत माणसाच्या निधनाची बातमी छापली होती. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन पाया पडलो आणि तिसऱ्या दिवशी पहिल्या पानावर दुरुस्ती छापली. दोन रुपयांच्या पेपरला जेवढी लाज आहे, तेवढी देवाचं नाव घेणाऱ्याला नको?

तीन, संडे स्कूलमध्ये लेकरांना हे भीतीचे व्हिडिओ दाखवणं बंद करा. आज, या रविवारपासून.

ती मुलगी आता बरी आहे. पण तिची आई सांगत होती, अजूनही शाळेतून आली की आधी दारातल्या चपला मोजते.

ज्या प्रभूने लेकरांना जवळ येऊ द्या म्हणून सांगितलं, त्याच्या नावाने आपण एका लेकराला चपला मोजायला लावल्या. ज्यांनी तो व्हिडिओ पाठवला त्यांना मी ओळखतो, ते मला ओळखतात. नाव घेत नाही. पण या रविवारी त्या घरी जा, पोरीच्या समोर बसा आणि सांगा, "बाळा, आमचं चुकलं."

(पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कॉमेंटमध्ये वचन घेऊन या, शिव्या घेऊन नको. मी उत्तर देईन.)